व्हिसासाठी अर्जनवीस पुरे, दलाल नको

परदेशात उमर घालवून म्हातारपणी वतनात राहायला येणाऱ्या आपल्या बुजुर्गांनी लांब मुक्कामाच्या व्हिसासाठी एजंट धरावा की नाही, हा प्रश्न हल्ली आमच्या दुकानाच्या गादीवर वारंवार निघतो. आमच्या धसई-मुरबाड-शहापूर पट्ट्यातून परदेशी गेलेली माणसे मोजकी आहेत, हे खरे. पण आमचे सोयरसंबंध कल्याण, भिवंडी, पडघ्यापासून थेट रायगड-रत्नागिरीपर्यंत पसरलेले आहेत आणि त्या घरांतली माणसे नैरोबी, मोंबासा, केपटाऊन, लंडनपर्यंत गेलेली आहेत. कोणी जहाजावर खलाशी म्हणून गेला, कोणी दुकानदारीसाठी, कोणी मुलांच्या मागे. तिथले नागरिकत्व घेतले, पासपोर्ट बदलला. आता साठी-सत्तरी उलटल्यावर यांना वाटते की उरलेले दिवस आपल्या घरात काढावेत आणि माती मिळावी तीही आपल्याच कब्रस्तानात. इच्छा साधी आहे. पण कायद्याच्या नजरेत हा माणूस आता परदेशी नागरिक आहे आणि नेमक्या याच ठिकाणी एजंट दारात उभा राहतो.

आमचे मत प्रारंभीच सांगतो. सरळ प्रकरण असेल तर एजंटची गरज नाही. लिहिण्या-भरण्याची अडचण असेल तर ठरलेल्या मजुरीवर अर्ज भरून देणारा माणूस जरूर घ्यावा. कागदपत्रांचा खरोखरच गुंता असेल तर वकील गाठावा. पण “आपली वर ओळख आहे, काम करून देतो” असे म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. हे आम्ही का म्हणतो, ते आता पाहू.

व्हिसा लागतो तरी का?

निम्म्या घरांत हा प्रश्न उगाच उभा केला जातो. आखाती देशांत कोणी तीस वर्षे राबला तरी तिथे सहसा नागरिकत्व मिळत नाही. दुबई, कुवेत, जेद्दाहून परतणारा आपला माणूस शेवटपर्यंत भारतीय पासपोर्टवरच असतो. त्याला स्वतःच्या देशात राहायला कसला व्हिसा? तरी “परत आल्याची नोंदणी करावी लागते” असे सांगून पैसे मागणारे भेटतात. अशाला सरळ दरवाजा दाखवावा. ज्याला उलट तिकडेच म्हातारपण काढायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी. अमिरातीत ५५ वर्षांवरील निवृत्तांसाठी ५ वर्षांचा व्हिसा आहे, पण त्यासाठी १० लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढी बचत, नाहीतर ठरावीक मासिक उत्पन्न दाखवावे लागते. ज्याच्याजवळ ते आहे त्याला एजंटची गरज कमीच, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला एजंट ते कुठून आणून देणार?

राहिले ते ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, केनिया, अमेरिका अशा देशांचे पासपोर्ट घेतलेले लोक. त्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे की भारतात निवृत्तांसाठी म्हणून वेगळा व्हिसाच नाही. थायलंडमध्ये आहे, मलेशियात आहे, आपल्याकडे नाही. टुरिस्ट व्हिसावर यावे तर एका खेपेला किती दिवस राहता येईल याला मर्यादा असते. मूळ भारतीयांसाठी खरा मार्ग एकच, तो म्हणजे ओसीआय कार्ड. हे कार्ड २००५ च्या कायदादुरुस्तीने आले. त्याआधीची पीआयओ कार्डाची योजना जानेवारी २०१५ मध्ये त्यातच मिळवून टाकली. ज्याच्याकडे हे कार्ड आहे त्याला जन्मभर कितीही वेळा येता येते, कितीही दिवस राहता येते आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीत नोंदणीही करावी लागत नाही. स्वतः, आईबाप, आजा-आजी, पणजा-पणजी यांच्यापैकी कोणी भारतीय नागरिक होते हे दाखवता आले पाहिजे. याचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरायचा असतो. फी भारतात १५,००० रुपये, परदेशात २७५ डॉलर. सगळा सौदा एवढाच आहे.

दलाली कुठे शोभते

आम्ही कापडवाले. दलालाला नावे ठेवण्याचा आम्हाला मुळीच अधिकार नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवरचा कोरा कपडा वर्षानुवर्षे दलालांच्या जबानीवर विकला गेला. चांगला दलाल मागवाल्याला गिऱ्हाईक मिळवून देतो, गिऱ्हाइकाला माल दाखवतो, दोघांच्या मधला भाव काढून देतो आणि आपली ठरलेली दलाली घेतो. त्याची मेहनत खरी आहे, म्हणून त्याची कमाईही जायज आहे.

पण ही दलाली शोभते कुठे? जिथे भाव ठरायचा असतो, जिथे विकणारा विकायला आणि घेणारा घ्यायला मोकळा असतो, तिथे. सरकारी दारात यातले काय आहे? फी छापलेली आहे. कागदांची यादी छापलेली आहे. पात्र असाल तर कार्ड मिळेल, नसाल तर मिळणार नाही. मध्ये तोडायला भाव नाही, दाखवायला माल नाही. मग हा दलाल विकतो काय? एक तर तो आपल्या अज्ञानाची किंमत वसूल करतो, नाहीतर कोणाच्या तरी बेइमानीची. पहिल्यात आपले पैसे जातात. दुसऱ्यात रिश्वतीचा भाग असतो, आणि ती देणाराही गुन्हेगारच असतो. तिसरा प्रकार काही आम्हाला दिसत नाही.

जुन्या काळी कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसत असे. तो अर्ज लिहून द्यायचा, मजुरी घ्यायचा, आणि निकाल काय लागेल याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. आजही तेवढ्याच माणसाची गरज आहे. मजुरी कामाची द्यावी, निकालाची देऊ नये. निकाल कोणाच्याही खिशात नसतो. जो तो विकतो, तो एक तर खोटे बोलतो किंवा खोटे करतो.

एजंटच्या बाजूने

एजंटच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. सत्तर वर्षांचा माणूस, इंग्रजी बोलता येते पण संगणकाची भीती वाटते. फोटो अमुक मापाचा, सही तमुक चौकटीत, कागद ठरलेल्या आकारात चढवायचे. एक आकडा चुकला की अर्ज अडकतो. आपल्या भागातून कचेरीत जायचे म्हटले तर मुरबाडला आजही रेल्वे नाही. बस किंवा जीपने कल्याण गाठायचे, तिथून गाडीने मुंबई, आणि परतेपर्यंत रात्र. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गाने हे सारे कोणाच्या आधाराशिवाय करावे, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल.

याबाबत आमच्या धसईचाच एक धडा आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली, सावरकर स्मारकाने पुढाकार घेतला. देशभर नाव झाले. पुढे काय झाले? बरेचसे व्यवहार पुन्हा रोखीवर आले. यंत्र आले म्हणून सवय आली असे होत नाही. यंत्राजवळ उभे राहून समजावणारा माणूस लागतो. तेव्हा “सगळे ऑनलाइन आहे, एजंट कशाला?” एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. बुजुर्गाला मदतीचा हात हवाच. प्रश्न एवढाच की तो हात कोणाचा आणि किती दाम घेऊन.

गुंता नावाचा आणि तारखेचा

आपल्या घरांतल्या बहुतेक अर्जांची अडचण पात्रतेची नसते, कागदांची असते. त्याचे कारण आम्हा उर्दू शाळांत शिकलेल्यांना चांगले ठाऊक आहे. उर्दूत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे दाखल्यावरचे एकच नाव इंग्रजीत येताना तीन रूपे घेते. शेखचे स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसता ‘मोहद.’ असा आखडलेला. बापाचे नाव कुठे मधे, कुठे शेवटी, आणि आडनाव कुठे गायबच. त्यात जन्मतारीख! गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली मुले आमच्या वर्गात किती होती ते मोजायलाच नको. नगरपालिकेची तारीख वेगळी, पासपोर्टवरची वेगळी.

एजंटला हीच जागा आवडते. “चाचा, काळजी करू नका, दाखला बनवून देतो” असे तो म्हणतो. या ‘बनवून देतो’ शब्दांपासून वाचक बंधूंनी दहा हात दूर राहावे. परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यात बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास २ ते ७ वर्षे कैद आणि १ लाख ते १० लाखांपर्यंत दंड आहे. मुदत संपल्यावर राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटी माहिती देऊन किंवा काही लपवून मिळवलेले ओसीआय कार्ड सरकार केव्हाही रद्द करू शकते. अर्जावर सही एजंटची नसते, आपली असते. तो फोन बंद करून मोकळा होतो. सत्तराव्या वर्षी जबाबाला उभे राहायचे ते घरच्या म्हाताऱ्याने.

सरळ मार्ग लांबचा आहे, पण आहे. परदेशी नागरिकत्व घेण्यापूर्वीचा जुना भारतीय पासपोर्ट हा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणून रद्द झालेला पासपोर्टही फेकू नये. मात्र तो कायद्याप्रमाणे जमा करून, नागरिकत्व सोडल्याचा दाखला घेऊन ठेवावा. दुसरे नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट वापरत राहणे हा गुन्हा आहे. पासपोर्ट हरवला असेल तर अधिवासाचा दाखला, शाळेचा दाखला यांची जुळवाजुळव करावी. जन्माची जुनी नोंद तहसील कचेरीच्या रेकॉर्डमध्ये कोतवाल बुकात सापडू शकते. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावे, लागल्यास राजपत्रात प्रसिद्ध करावे. हे काम वकिलाचे आहे. त्याला ठरवून फी द्यावी आणि पक्की पावती घ्यावी.

एका प्रकरणात मात्र वकिलाचाही इलाज चालत नाही. ज्यांनी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व घेतले, किंवा ज्यांचे आईबाप वा आजे त्या देशांचे नागरिक होते, त्यांना ओसीआय कार्ड मिळत नाही. फाळणीने दुभंगलेली घरे आपल्याकडे आहेत, त्यांचे दुःख आम्ही जाणतो. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर तर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा सरकारने रद्द केले. अशा घरात येऊन जो एजंट “होऊन जाईल” म्हणतो, तो दुःखाचा धंदा करतो. त्याच्या नादी लागून एखादे नाते लपवले, तर उद्या सारे घर अडचणीत येईल.

फुकटचे काम विकणारे

ओसीआय कार्ड हातात आल्यावरही एजंट पाठ सोडत नाही. “पासपोर्ट नवा झाला, आता कार्डही नवे करा” असे सांगून तो पुन्हा फी मागतो. २०२१ मध्ये सरकारने हा नियम सोपा केला. वयाच्या विशीआधी कार्ड घेतलेल्याने वीस वर्षे वय पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की कार्ड एकदाच नवे करायचे. पन्नाशीच्या आधी कार्ड घेतलेल्याने पन्नाशीनंतरच्या नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो एकदा संकेतस्थळावर चढवायचा, तोही पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत. याला सरकार एक पैसाही घेत नाही. नातवाने दहा मिनिटांत करावे असे हे काम आहे.

उलट जे सांगायला हवे ते एजंट सांगत नाही. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही. कोणी मतदार यादीत नाव घालून देतो म्हटले तर तो खड्ड्यात घालतो आहे असे समजावे. २०२१ च्याच अधिसूचनेप्रमाणे तबलीगच्या कामासाठी ओसीआय कार्डवाल्याला आधी खास परवानगी घ्यावी लागते. निवृत्तीनंतर जमातीत वेळ द्यावा असे अनेक बुजुर्गांच्या मनात असते, त्यांनी ही गोष्ट आधीच विचारून घ्यावी. ज्याला पुन्हा भारतीय नागरिकच व्हायचे आहे, त्यालाही कायद्याचा रस्ता आहे. ओसीआय म्हणून ५ वर्षे झाली आणि अर्जापूर्वीचे १२ महिने इथे वास्तव्य असले की अर्ज करता येतो. हे कोणत्या एजंटने कोणाला सांगितल्याचे आम्ही तरी ऐकले नाही, कारण यात त्याचे गिऱ्हाईक कायमचे सुटते.

जमिनीवरचा डोळा

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तीच जास्त धोक्याची आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुरबाडकडे फार्महाऊसवाल्यांची वर्दळ आधीपासूनच आहे. जमिनीला भाव आला की जमिनीभोवती माणसेही येतात. व्हिसाचे काम करून देणारा आणि जमिनीचा सौदा जमवून देणारा, हे दोघे एकच निघाल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हाताऱ्याला सांगायचे, “तुम्हाला खेपा नकोत, मुखत्यारपत्र करून द्या.” कागद इंग्रजीत असतो, सही घाईत होते. नंतर कळते की त्यात व्हिसाचा शब्द एकदा आणि सातबाऱ्याचा दहादा आहे.

तेव्हा लक्षात ठेवावे. ओसीआय कार्डवाल्याला घर किंवा दुकान घेता येते, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. “कार्ड काढा, मग जमीन घेऊन देतो” असे म्हणणारा कायदा मोडायला सांगतो. आणि व्हिसाच्या कामासाठी सर्वाधिकाराच्या मुखत्यारपत्राची गरज कधीही नसते. कचेरीत कागद पोहोचवायचा असेल तर तेवढ्यापुरते अधिकारपत्र पुरते.

व्यापाऱ्याच्या अटी

ताका उलगडून पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. माप आपल्या गजाने घेतो. तोच हिशेब इथे लावावा. कोणाची मदत घ्यायचीच झाली तर आमच्या अटी अशा:

१) सरकारी फी अर्जदाराने स्वतः भरावी. मदतनिसाची मजुरी वेगळी, आधी ठरवून, पावतीवर. कच्च्या पावतीवर काम करणाऱ्याला काम देऊ नये.

२) मूळ पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नये. कचेरीत तो स्वतः दाखवावा आणि परत घ्यावा.

३) कोऱ्या कागदावर सही करू नये. भरलेला अर्ज घरच्या शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा, मगच सही.

४) अर्जात फोन नंबर आणि ईमेल आपल्या घरचाच घालावा. एजंटने स्वतःचा घातला तर सरकारचे प्रत्येक पत्र त्याच्या हाती जाते आणि आपण त्याचे ओलीस होतो.

५) शक्यतो अर्ज राहत्या परदेशातूनच करावा आणि कार्ड हातात घेऊन मगच कायमचे सामान बांधावे. ब्रिटनसारख्या देशांत भारतीय वकिलातीने नेमलेली अर्ज केंद्रे आहेत. ती एजंट नव्हेत, त्यांची फी जाहीर असते.

६) जो निकालाची हमी देतो, त्याच्याकडून उठून यावे.

समाजाने काय करावे

सारा दोष एजंटवर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. आपण जागा रिकामी ठेवली म्हणून तो तिथे बसला. प्रत्येक गावात जमात आहे, जमातीची खोली आहे, आणि आज प्रत्येक मोहल्ल्यात पदवीधर मुले-मुली आहेत. आठवड्यातून एक दिवस दोन तास एखादी शिकलेली मुलगी संगणक घेऊन बसली आणि सरकारी फी सोडून वर माफक मजुरी घेतली, तर बुजुर्गांचे काम होईल आणि तिलाही चार पैसे मिळतील. ही मजुरी फुकट नसावी असे आमचे स्पष्ट मत आहे. फुकटच्या कामाचा जाब विचारता येत नाही. व्यापारी मंडळींनी एक संगणक, एक छपाई यंत्र आणि एका वकिलाची महिन्यातून एक बैठक एवढा खर्च उचलला तर तो कोणालाही जड नाही. ईदच्या सजावटीवर याहून जास्त जातात.

ज्यांची माणसे परदेशात आहेत त्यांनी तर याच महिन्यात एक काम करावे. फोन लावून विचारावे की जुना भारतीय पासपोर्ट कुठे आहे, नावाचे स्पेलिंग कशाकशावर काय आहे, जन्माची नोंद सापडते का. माणूस धडधाकट असताना हे विचारले तर अर्ध्या तासाचे काम आहे. तो आजारी पडून, टुरिस्ट व्हिसावर येऊन, मुदत संपायला आठ दिवस उरल्यावर विचारले, तर मग घाबरलेले घर ज्याच्या दारात जाते तो एजंटच असतो, आणि त्या दिवशी तो मागेल तो भाव असतो.